शपथ नव्हे, सोबत हवी

१९८० च्या दशकाचा उत्तरार्ध. पुण्यातील महाविद्यालयात आम्ही नुकतेच पाऊल ठेवले होते. आमच्या वर्गात एक देखणा, हजरजबाबी मुलगा होता. वक्तृत्वस्पर्धेचे फिरते चषक वर्गाला मिळवून देणारा म्हणून सर्वांचा लाडका. दुसऱ्या वर्षी तो हळूहळू दिसेनासा झाला. कधी भेटलाच तर डोळे खोल गेलेले, बोलणे तुटक, आणि भेटीच्या शेवटी दहा-वीस रुपयांची मागणी ठरलेली. तो ‘गर्द’ ओढतो ही कुजबुज आमच्यापर्यंत आली, तेव्हा आम्ही मित्रांनी काय केले? त्याला टाळू लागलो. त्याच्या घरी चौकशी केली, तर वडिलांनी तो नोकरीनिमित्त परगावी गेल्याचे सांगितले. प्रत्यक्षात तो आतल्या खोलीत कुलुपाआड होता. कुलदैवताच्या पायावर हात ठेवून त्याने घेतलेली शपथ तीन वेळा मोडली होती, आणि चौथ्यांदा ती मोडू नये म्हणून घरानेच त्याचा तुरुंग केला होता. वर्षभरात तो गेला. तेराव्याला त्याचे वडील एवढेच म्हणाले, “आम्ही कोणाला सांगितलं नाही, तिथंच चुकलं.”

त्या वाक्याला आता पस्तीसहून अधिक वर्षे झाली. पत्रकारितेच्या निमित्ताने व्यसनांविषयी पुष्कळ वाचले, अनेक कुटुंबे जवळून पाहिली. पण या प्रश्नाचे मर्म त्या वाक्यापेक्षा नेमके कोणी सांगितल्याचे आठवत नाही. व्यसनमुक्तीचा विषय निघाला की आपल्याकडे दोन शब्द हमखास उच्चारले जातात: ‘संस्कार’ आणि ‘श्रद्धा’. घर भक्कम असेल आणि देवावर विश्वास असेल, तर मनुष्य कोणत्याही गर्तेतून वर येतो, असे आपण मानतो. हे मानणे चुकीचे नाही. परंतु माझ्या त्या मित्राच्या घरी संस्कारांची वाण नव्हती, श्रद्धाही उदंड होती. मग तो का वाचला नाही, या प्रश्नाला आपण सामोरे गेले पाहिजे.

आकडे काय सांगतात?

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या देशव्यापी सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते ७५ या वयोगटातील सुमारे १६ कोटी भारतीय मद्यसेवन करतात आणि त्यांपैकी ५ कोटी ७० लाखांहून अधिक जणांना त्यासाठी कोणत्या ना कोणत्या मदतीची गरज आहे. अफूजन्य पदार्थांचे सेवन करणारे सव्वादोन कोटींच्या घरात असून त्यांतील सुमारे ७७ लाख जणांचे सेवन उपचारांची गरज भासावी इतके गंभीर आहे. हुंगण्याची द्रव्ये हा तर असा एकमेव प्रकार आढळला, ज्यात मुलांचे प्रमाण प्रौढांपेक्षा जास्त आहे.

परंतु या अहवालातील सर्वांत अस्वस्थ करणारा आकडा निराळाच आहे. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला आणि अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या २० जणांपैकी केवळ एकाला काही उपचार मिळतात. उरलेले कोठे असतात? ते घरात असतात. म्हणजेच या देशातील सर्वांत मोठे व्यसनमुक्ती केंद्र हे आपले घरच आहे. मात्र त्या केंद्रातील कोणालाही या कामाचे शिक्षण मिळालेले नसते. आई उपास करते, वडील मारतात, पत्नी दागिने मोडते आणि शेजारी ऐकूनही न ऐकल्यासारखे करतात.

शपथ का मोडते?

शपथ मोडणारा मनुष्य खोटारडा असतो, असे आपण समजतो. वस्तुस्थिती अशी की, शपथ घेताना तो बहुधा पूर्ण प्रामाणिक असतो. गर्दचा शेवटचा झुरका घेऊन आठ-बारा तास उलटले की शरीर बंड करून उठते. नाक-डोळे वाहू लागतात, हाडे फुटल्यासारखी दुखतात, पोटात पिळा पडतो, झोप उडते. व्यसनींच्या भाषेत याला ‘टर्की’ म्हणतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हा त्रास शिगेला पोहोचतो आणि आठवडाभरात ओसरतो. परंतु शरीर शांत झाले तरी मेंदूतील ओढ महिनोन् महिने जागी राहते. जुना कट्टा, जुना मित्र, खिशात आलेले पैसे, घरातले भांडण, एवढेच काय आनंदाचा प्रसंगसुद्धा तिला पुन्हा पेटवू शकतो. वैद्यकशास्त्र व्यसनाला पुन्हा पुन्हा उलटणारा दीर्घकालीन आजार मानते, ते यामुळेच. मधुमेह्याची साखर वाढली तर आपण त्याला देवद्रोही म्हणत नाही. औषध आणि पथ्य यांत कोठे ढिलाई झाली ते पाहतो.

इथे आणखी दोन गोष्टी प्रत्येक कुटुंबाला माहीत असायला हव्यात, कारण त्या जिवाशी निगडित आहेत. पहिली अशी की, वर्षानुवर्षे रोज भरपूर दारू पिणाऱ्याने एका रात्रीत, वैद्यकीय देखरेखीशिवाय दारू सोडणे धोक्याचे असते. दोन-चार दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी मृत्यूही ओढवतो. देवापुढे शपथ घ्यावी. पण त्याच दिवशी डॉक्टरांकडेही जावे. दुसरी गोष्ट गर्दसारख्या अफूजन्य पदार्थांची. काही आठवडे दूर राहिल्यानंतर शरीराची सहनशक्ती घटलेली असते. अशा वेळी पाय घसरला आणि पूर्वीइतकीच मात्रा घेतली, तर श्वास थांबून मृत्यू येऊ शकतो. कोंडून ठेवलेला मुलगा सुटून बाहेर पडतो आणि काही तासांत त्याचे प्रेत घरी येते, त्यामागचे कारण अनेकदा हेच असते. माझ्या मित्राचे असेच झाले होते, हे मला कितीतरी वर्षांनी उमगले.

प्रेम आणि पांघरूण

मग कुटुंबाने करायचे काय? आधी काय करू नये ते पाहू. आपल्या समाजात व्यसनावरचा सर्वांत लोकप्रिय उपाय म्हणजे ‘लग्न करून द्या, सुधारेल.’ एका आजारी तरुणाच्या शुश्रूषेसाठी कसलीही कल्पना न देता परक्याची लेक आणायची आणि तो सुधारला नाही की तिच्याच पायगुणाला दोष द्यायचा, याला संस्कार म्हणता येणार नाही. हा उघड अन्याय आहे, आणि ‘कुटुंबव्यवस्था’ या शब्दाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी तो सर्वांआधी थांबवला पाहिजे.

दुसरी चूक पांघरूण घालण्याची. मुलाची उधारी वडील फेडतात, कार्यालयात ‘त्याला ताप आहे’ असे पत्नी कळवते, पोलीस चौकीतून मामा सोडवून आणतो. हे सारे प्रेमापोटीच होते. पण परिणामी व्यसनाची किंमत व्यसनी माणूस सोडून सगळे घर मोजत राहते आणि त्याला बदलण्याचे कारणच उरत नाही. तिसरी चूक याच्या उलट टोकाची: मारझोड, कोंडणे, घराबाहेर काढणे. चौथी चूक चोरून औषध देण्याची. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती आपण भिंतींवर वाचतोच. दारूशी विपरीत प्रतिक्रिया घडवणारे डायसल्फिराम नावाचे औषध आहे. १९४० च्या दशकात डेन्मार्कमध्ये त्याचा हा गुणधर्म लक्षात आला. रुग्णाच्या संमतीने, डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतले तर ते उपयुक्त ठरते. मात्र आमटी-भाजीत गुपचूप कालवले आणि वर तो दारू प्यायला, तर रक्तदाब कोसळून प्राण जाऊ शकतात.

या दोन टोकांच्या मधला मार्ग आहे, आणि तो पारखलेला आहे. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपचारांना ठाम नकार देणाऱ्या मद्यपींच्या १३० कुटुंबीयांना तीन निरनिराळ्या पद्धतींनी मार्गदर्शन करण्यात आले. ज्यांना घरी कसे बोलावे, शुद्धीत असताना जवळीक आणि नशेत असताना अलिप्तता कशी ठेवावी, नेमका कोणता क्षण साधून उपचारांचा विषय काढावा, हे शिकवले गेले, त्यांच्यापैकी ६४ टक्के कुटुंबांत रुग्ण उपचारांना तयार झाला. रुग्णाला सर्वांनी मिळून एकदम जाब विचारण्याच्या पद्धतीत हे प्रमाण ३० टक्क्यांवरच राहिले. ओरडण्यापेक्षा शिकून घेतलेले शांत बोलणे दुपटीहून अधिक परिणामकारक ठरले. घराची ताकद निर्विवाद आहे. परंतु ती आपोआप येत नाही, शिकावी लागते.

पुण्यातील एक दिवा

हे शिक्षण मराठी माणसाला दूरदेशी शोधायला नको. माझा मित्र गेला त्याच काळात, २९ ऑगस्ट १९८६ रोजी, पुण्यात येरवड्याला ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्यावर लिहिलेली लेखमाला वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी एक लाख रुपयांची देणगी देऊ केली. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी या कामाला आकार दिला. १९९७ साली कर्करोगाने त्यांचे निधन झाले. २०२२ मध्ये अनिल अवचटही गेले. परंतु त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर यांच्या नेतृत्वाखाली काम वाढतच राहिले. अवचट दांपत्य आपल्या विचारविश्वातले नव्हते, हे वाचकांना ठाऊक आहेच. पण सत्कार्याची जात विचारू नये, ही आपलीच शिकवण आहे.

तिथली दोन वैशिष्ट्ये मला फार मोलाची वाटतात. एक म्हणजे, व्यसनातून बाहेर आलेलेच तिथे कार्यकर्ते होतात. नव्याने आलेल्या रुग्णाला आपल्यासमोरचा माणूस हे सारे भोगून उठलेला आहे, हे दिसते. दुसरे म्हणजे, पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा वेगळा गट चालतो. वर्षानुवर्षे मार, अपमान आणि धास्ती सोसलेल्या स्त्रीचे मनही आजारलेले असते. नवरा सुधारून घरी आला तरी ती रात्री दचकून उठते, त्याचे खिसे चाचपते, तोंडाचा वास घेते. तिलाही बरे व्हावे लागते. व्यसन एकाला जडते, आजारी मात्र सारे घर पडते. म्हणून उपचारही साऱ्या घरावर हवेत.

श्रद्धेचे खरे काम

आता श्रद्धेविषयी. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन या गावी दोन मद्यपी एकत्र आले. एक शेअरबाजारातला, दुसरा शल्यचिकित्सक. एकमेकांना आधार देत दोघेही सावरले आणि त्यातून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही चळवळ जन्मली. तिची पहिली पायरी आपल्या असमर्थतेची कबुली आणि त्यापुढची आपल्याहून मोठ्या शक्तीवरचा विश्वास. ती शक्ती कोणती, हे ज्याने त्याने ठरवावे. १९५७ साली ही चळवळ भारतात पोहोचली. आज गल्लीबोळांतील शाळांच्या वर्गांत तिच्या सभा भरतात. विख्यात मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९६१ साली या चळवळीच्या संस्थापकांना लिहिलेल्या पत्रात दारूची तहान ही मुळात पूर्णत्वाची, ईश्वराची तहान असून ती चुकीच्या पाणवठ्यावर गेलेली असते, अशा आशयाचे विवेचन केले आहे. ही केवळ भाविकांची समजूत नव्हे. २०२० साली कॉक्रेन या संस्थेने जगभरातील संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत ही पद्धत अन्य मान्यताप्राप्त मानसोपचारांच्या तोडीस तोड, किंबहुना काकणभर सरस ठरली.

हे वाचताना मराठी माणसाला परके वाटण्याचे कारण नाही. वारकरी गळ्यात तुळशीची माळ घालतो आणि मद्य-मांस सोडतो. शेकडो वर्षे या माळेने किती संसार सावरले, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. पण माळ घालून पुन्हा पिणारेही गावोगाव असतात; प्यायला जाताना माळ खुंटीला टांगणारेही आपण पाहिले आहेत. फरक कशात? ज्याच्या गळ्यात घरच्यांनी बळजबरीने माळ घातली आणि तिथेच सोडले, त्याची माळ खुंटीवर जाते. ज्याला रोजचा हरिपाठ, पंधरवड्याची एकादशी, वर्षाची वारी आणि न आला तर ‘का रे, काल दिसला नाहीस?’ असे विचारणारे माळकरी लाभतात, त्याची माळ टिकते. माळेइतकेच सामर्थ्य माळकऱ्यांत असते. ॲक्रनच्या त्या दोघांना जे सापडले, ते आपल्या दिंडीत फार पूर्वीपासून चालत आहे.

गीतेच्या सहाव्या अध्यायात मन वाऱ्यासारखे अनावर आहे अशी तक्रार अर्जुन करतो. भगवंत त्याला ‘शपथ घे’ असे सांगत नाहीत. मन आवरणे कठीण आहे हे ते आधी मान्य करतात आणि मग अभ्यास व वैराग्य हे दोन उपाय सांगतात. अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा करणे. त्यात चुकणे आणि उठून पुन्हा सुरू करणे गृहीतच आहे. व्यसनमुक्तीच्या वाटेवरील माणसाला ‘फक्त आजचा दिवस’ म्हणायला शिकवतात, तो हाच अभ्यास होय. श्रद्धेचे काम चमत्कार घडवण्याचे नाही; घसरलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उभे राहण्याचे बळ देण्याचे आहे.

आणि म्हणूनच श्रद्धेच्या नावाने मांडलेल्या दुकानांपासून सावध राहिले पाहिजे. भस्म देऊन दारू सोडवणारे बुवा, ‘केंद्रा’ची पाटी लावून रुग्णांना साखळदंडाने बांधणारे ठेकेदार, उतारा काढून देणारे मांत्रिक हे श्रद्धेचे वैरी आहेत. २००१ च्या ऑगस्टमध्ये तामिळनाडूतील एरवाडी येथे लागलेल्या आगीत साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण होरपळून मेले. प्रार्थनास्थळ कोणाचे, हा तिथे मुद्दाच नव्हता. डॉक्टरांची जागा साखळीने घेतली, हा मुद्दा होता. उपचार आणि उपासना यांत भांडण नाही. रुग्णाला ब्युप्रेनॉर्फिनसारखे औषध डॉक्टरांनी दीर्घकाळ चालू ठेवले, तर ‘एक नशा सोडून दुसरी धरली’ असे हिणवणारे भाविकही मी पाहिले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ सालीच या औषधाला अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले आहे, हे त्यांनी ध्यानी घ्यावे.

आपल्या अंगणात पाहू या

संत गाडगेबाबांचे बालपण दारूनेच उद्ध्वस्त केले होते. व्यसनापायी वडील अकाली गेले आणि लहानगा डेबू आईसह मामाच्या आश्रयाला राहिला. पुढे स्वतःच्या मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजानुसार दारू-मटणाची पंगत घालण्याचे त्यांनी नाकारले आणि गोड जेवण वाढले. भाऊबंदांचा रोष पत्करला. कीर्तनात दारूवर आसूड ओढण्याचा अधिकार त्यांना या आचरणातून आला होता.

आज तो अधिकार आपल्याला आहे काय? विसर्जनाच्या मिरवणुकीत, लग्नाच्या वरातीत, गडकिल्ल्यांवरील सहलींत बाटल्यांचा खच पडतो. महाशिवरात्रीला भांगेचे कौतुक चालते. आपलेच उत्सव आपल्या मुलांना पहिला घोट पाजणार असतील, तर नंतर संस्कारांची हाकाटी करण्यात अर्थ नाही. मंडळांनी, देवस्थानांनी, आपल्या शाखा-शाखांतील कार्यकर्त्यांनी या प्रश्नाकडे केवळ भाषणाचा विषय म्हणून पाहू नये. देवळाचा सभामंडप आठवड्यातून एक संध्याकाळ व्यसनमुक्तांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या बैठकीसाठी खुला करता येईल. व्यसनमुक्त झालेल्या तरुणाला नोकरी देण्याचे धाडस आपल्यातील उद्योजक दाखवू शकतील. शासनाचा १४४४६ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक प्रत्येक सूचनाफलकावर लिहिता येईल. पोलिसांच्या भीतीने मुलाला लपवणाऱ्या आईवडिलांना सांगता येईल की, अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम ६४-अ स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीनाला सेवनाच्या खटल्यापासून संरक्षण देते.

अशी सोबत काय करू शकते, याचे एक उदाहरण युद्धभूमीवरचे आहे. १९७१ च्या सुमारास व्हिएतनाममधील अमेरिकी सैनिकांपैकी जवळजवळ एक पंचमांश जण हेरॉइनच्या आहारी गेल्याचे आढळले. देश हादरला. परंतु मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांतील सुमारे ५ टक्केच पुन्हा त्या विळख्यात सापडले. रणभूमीवरील भय आणि एकटेपण मागे पडले होते; घर, काम आणि आपली माणसे परत मिळाली होती. प्रत्येकाच्या बाबतीत हे इतके सोपे नसते. पण ज्याला परतण्यासाठी घर आहे, त्याची वाट निम्मी सरलेली असते.

गेल्या वर्षी आमच्याच वसाहतीतील एका गृहस्थांनी गणेशोत्सवाच्या आरतीनंतर ध्वनिक्षेपक हाती घेतला. “माझा मुलगा व्यसनमुक्ती केंद्रात आहे. पुढच्या महिन्यात घरी येईल. त्याच्याशी बोला. पैसे मात्र देऊ नका,” इतकेच ते बोलले आणि खाली बसले. मंडपात क्षणभर शांतता पसरली. मग एक आजी उठल्या, त्यांच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, “येऊ दे त्याला. सकाळच्या काकडआरतीला माझ्याबरोबर येत जाईल.” तो मुलगा आता घरी आहे. मध्ये एकदा घसरला, पुन्हा उपचारांना गेला, परत आला. पहाटे आजींच्या मागे टाळ घेऊन चाललेला तो दिसतो, तेव्हा मला माझा वर्गमित्र आठवतो. त्याच्याही घरी टाळ होते. त्याला हाक मारणारे मात्र कोणी नव्हते, आणि त्या न मारलेल्या हाकांत माझीही एक होती.